स्टिअरिंगचं नवं कव्हर

आमच्या घरात गाडी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन: मी आणि माझा धाकटा दीर. किल्ली कुणाकडे राहायची, हे सासूबाई ठरवतात. मला नुकतीच गावाबाहेरच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि तिकडे बस जात नाही. म्हणजे किल्ली गेली की नोकरीही गेली.

नेमकी तेव्हाच गाडी एका बाजूला ओढायला लागली. दीर स्टिअरिंगला नवं कव्हर चढवून मोठ्या उत्साहाने चाकांचं अलाइनमेंट करून आला. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना घेऊन निघाले. स्टिअरिंग सरळ धरलं, तर गाडी फुटपाथकडे निघाली, आधीपेक्षा जोमात. मी ओढून आणायची, ती पुन्हा जायची. मागे सासूबाईंनी दार घट्ट धरलं होतं.

"वहिनी, माझ्या हातात बाणासारखी जाते," दीर म्हणाला. "गाडीला माणूस कळतो."

"भावोजी, गाडीला काही कळत नाही. म्हणूनच ती खोटं बोलत नाही."

"मग हात सोडून बघा की जरा!"

रस्ता रिकामा होता. क्षणभर हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ!

"बघा आई! वहिनींनी हात लावला नाही की गाडी झकास चालते."

"घरी गेल्यावर किल्ली माझ्याकडे दे," सासूबाई म्हणाल्या. माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात सोडल्यावर एक गोष्ट मी पाहिली होती: गाडी सरळ जात होती, स्टिअरिंग मात्र उजवीकडे कललेलं. भावोजी खिडकीत कोपर टाकून, ऐसपैस रेलून धरतात, अगदी तस्सं.

गाडी तशीच अलाइनमेंट केलेल्या गॅरेजकडे वळवली.

"मशीनच्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं, मॅडम," गॅरेजवाला म्हणाला.

"चाकं जुळवताना स्टिअरिंग सरळ अडकवायचा दांडा लावला होता?"

त्याने दिराकडे पाहिलं. "साहेब नको म्हणाले. नव्या कव्हरला वण पडेल म्हणे. स्वतःच धरून बसले होते."

म्हणजे या महाशयांच्या रेलण्याच्या हिशेबाने चाकं सरळ केली होती, आणि वाकडी ठरले होते मी!

दांडा लावून काम पुन्हा झालं. परतताना दिराने हट्टाने गाडी घेतली, कोपर खिडकीत टाकलं आणि निघाला तो थेट दुभाजकाकडे.

"अरे, कुठे चाललास?" सासूबाई ओरडल्या.

"त्याचं मशीनच बिघडलंय, आई!"

"मग हात सोडून बघ."

त्याने सोडले. गाडी सरळ.

"बाजूला घे," सासूबाई म्हणाल्या, "आणि उतर."

किल्ली माझ्याकडे आली. माफी कुणी मागितली नाही. दिराने घरी आल्यावर कव्हर मात्र दोनदा निरखून पाहिलं. एकही वण नव्हता.