मोटारीची मालकीण

कृष्णातनं मोबाइलसमोर पाचव्यांदा डोळे मिचकावले. मोबाइल पाचव्यांदा म्हणाला, "क्षमस्व, आपण मालक नाही."

स्वतःच्या विहिरीवर, स्वतःच्या मोटारीपुढं उभ्या माणसाला असं कुणी म्हणालं तर तो काय करील? कृष्णातनं मोबाइलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्यांनी मोटार चालू होत असती तर पेठ वडगावच्या पंचक्रोशीत कधी दुष्काळच पडला नसता. समोर दोन एकरांत परवा लावलेली उसाची रोपं माना टाकून उभी होती. आणखी दोन दिवस पाणी मिळालं नाही तर ती जळून जाणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अवो, मालक तुमी न्हाईच," बांधावरनं त्याची बायको तेजस्वी म्हणाली. "मालक आक्का हायत."

तिला हसू आवरत नव्हतं, आणि गोष्ट खरीच होती. गावातल्या बाकीच्या मोटारी साध्या मिस कॉलवर चालू होतात, फोन कसलाही चालतो. कृष्णात त्या लोकांना हसायचा. म्हणून महिन्यापूर्वी त्यानं कंपनीचा भारी स्टार्टर बसवला, स्वतःचं ॲप असलेला. आता घरात नवी वस्तू आली, मग ट्रॅक्टर असो की फ्रिज, की पहिला मान माहेरवाशिणीचा. थोरली बहीण आक्का आजऱ्याहून जोतिबाला आलीच होती. तिनं स्टार्टरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि कृष्णातनं आपल्या मोबाइलवरचं पहिलं बटण तिच्याच हातानं दाबून घेतलं. समोर जो चेहरा दिसला तो ॲपनं मालक म्हणून टिपून घेतला. माहेरवाशिणीचा मान हा काय प्रकार असतो, हे कंपनीला कुठलं ठाऊक! महिनाभर मोटार सुरळीत चालली, आणि आज चेहऱ्याची मासिक तपासणी आली.

कृष्णातनं कंपनीला फोन लावला.

"सर, स्टार्टर तुमचा आहे, सेवा आमची आहे," पलीकडची मुलगी गोडपणानं म्हणाली. "मालक बदलायचा तर आधीच्या मालकांनी समोर बसून संमती द्यावी लागेल. फोटो चालणार नाही."

"मग डब्यावर हातानं चालू करायचं बटण का न्हाई?"

"तुमच्या सुरक्षिततेसाठी काढलं आहे, सर."

वडगावात जळालेल्या मोटारी भरून देणारा अझहर येऊन डबा बघून गेला. "कृष्णातदादा, ह्यात माझा बोर्ड घालतो, पर मग कंपनीचं ॲप कायमचं बंद."

"नव्याकोऱ्या डब्याचं भंगार करू व्हय लगा?" कृष्णात म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून थेट आजऱ्याला सुटला.

आक्का अंगणात काजू सोलत बसली होती. भावानं सगळी कहाणी सांगितली. तिनं हात पुसले, चष्मा चढवला, मोबाइलसमोर डोळे मिचकावले.

"नमस्कार, मालक," मोबाइल म्हणाला.

आक्काचा चेहरा खुलला. "परत म्हणाय सांग की त्याला. रेशनवाला बी मला असं कवा म्हणाला न्हाई."

कृष्णातनं घाईघाईनं मालक बदलायचं पान उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, आणि आक्कानं तो बोट फिरवत मोठ्यानं वाचला. "आपण आपला हक्क सोडत आहात. आपल्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"न्हाई म्हण. खालचं बटण."

आक्काचं बोट हवेतच थांबलं. "किस्ना, रानाच्या हक्कसोडावर मी सही केली, तवा हे कुणी इचारलं?"

कृष्णात काजूच्या टरफलांकडं बघू लागला.

"तूच बोट ठिवून दावलंस, 'आक्का, हितं सही कर.' माघारी येताना भजी चारलीस."

"साडी बी घेतलती की," कृष्णात पुटपुटला.

"व्हय, साडी बरी हुती," आक्का म्हणाली, आणि तिनं वरचं बटण दाबलं. होय, दबाव आहे.

मोबाइल क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "आपल्या सुरक्षेसाठी खाते सात दिवस बंद ठेवत आहोत. घाबरू नका, आम्ही आपल्या पाठीशी आहोत."

"आक्का, रोपं जळत्यात की माझी!"

"मला काय ठावं, हे खरंच ऐकतंय म्हणून!" आक्काही दचकली होती. पण चुकलं, असं काही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अझहरनं कंपनीचा डबा फोडला आणि आत आपला बोर्ड बसवला.

"कुठल्या कंपनीचा ह्यो?" कृष्णातनं तोंड पाडून विचारलं.

"कुणाच्याच बापाचा न्हाई. ह्याचा नकाशा सगळ्यांना उघडा हाय. कुणीबी बनवावा, कुणीबी दुरुस्त करावा. एका मिस कॉलला चालू, दुसऱ्याला बंद. नंबर सांगा, धा बसत्यात."

कृष्णातनं स्वतःचा सांगितला. "बास."

"एकच?" अझहर स्क्रू आवळता आवळता म्हणाला. "मग त्या कंपनीनं तरी काय वायीट केलतं?"

कृष्णातला हे झोंबलं. तेजस्वी त्याच्याकडं बघत होती. त्यानं तिचा नंबर सांगितला. थोडं थांबून आक्काचाही सांगितला, आणि अझहर गेल्यावर आजऱ्याला फोन लावला.

"आक्का, मोटारीला तुझा बी नंबर घातलाय. मोटारीचा नंबर तुला धाडलाय, त्येच्यावर मिस कॉल दे."

"मला कशाला? मी हितं आजऱ्यात."

कृष्णात कोरड्या पाटाकडं बघत म्हणाला, "रान तुझं बी हाय, म्हणून."

फोन कट झाला. आक्का दुखावली असं वाटून त्याचा जीव थोडा थोडा झाला. एवढ्यात मोटार घुमली, पाइपातनं पाणी धबाधबा पाटात कोसळलं आणि रोपांकडं धावलं. कृष्णातला भरून आलं. फोन पुन्हा वाजला.

"आलं का पाणी?"

"दणकून आलं, आक्का!"

"मग किस्ना, आत्ता जे म्हणालास, ते कागदावर कवा लिवतोस?"

कृष्णातनं डोकं खाजवलं. "काय म्हणालीस? मोटारीचा आवाज लई हाय, ऐकायलाच येत न्हाई बघ."

तेजस्वीनं कमरेचा मोबाइल काढला आणि एक मिस कॉल दिला. मोटार गपकन थांबली.

"आता?" ती म्हणाली. "आता येतंय का ऐकायला?"