गाणं वगळून पहिला नंबर

"शेवटचं गाणं संपेपर्यंत उठायचं नाही. मध्ये पाणी नाही, फोन नाही, दार वाजलं तर वाजू दे. आणि ऐकून झालं की सरळ इकडे ये. फोनवर सांगू नकोस, फोनवर सगळे गोडच बोलतात."

हे बाईंचं फर्मान. बाईंकडे मी लहानपणी गाणं शिकायला जात असे. माझा गळा गाण्याचा नाही हे त्यांनीच सांगितलं, तेही माझ्या आईच्या देखत. तेव्हापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.

मध्यंतरी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाण्यावर बंदी घातली. ती जमेल तेवढी पाळून बाईंनी यंदा अल्बम काढला. गाणी सगळी जुनी, कपाटात पडलेली. फक्त शेवटचं नवं, ऑपरेशननंतरच्या गळ्यानं गायलेलं. ते गाणं झालंय की नुसता म्हातारीचा हट्ट, हे कुणीतरी तोंडावर सांगावं, एवढीच त्यांची इच्छा.

"भाचा म्हणतो छान झालंय. तो रेकॉर्डिंगवाला, त्याला वायर नीट बसली तरी छान वाटतं," बाई म्हणाल्या. "तू खोटं बोलत नाहीस. नेम आहे ना तुझा तो?"

"आहे," मी म्हणाले आणि येऊन खरं सांगण्याचा शब्द दिला.

नेम तसे दोन आहेत. खोटं बोलायचं नाही, आणि दुपारची प्रार्थना होईपर्यंत बोलायचंच नाही. दुसऱ्यामुळे पहिला पाळणं पुष्कळ सोपं जातं.

मी एका साप्ताहिकात भक्तिसंगीतावर लिहिते. दर वर्षाच्या अखेरीस आमच्याकडे 'वर्षातले सर्वोत्तम' ठरतात, दहा सिनेमे आणि दहा अल्बम. निवडीची बैठक सकाळी असते. सकाळी डोकी ताजी असतात, असं संपादक म्हणतात. सकाळी मी गप्प असते, हे ते म्हणत नाहीत.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी बाईंचा अल्बम लावून बसले. ऑफिसात सगळ्यांना आलेलीच फाइल होती. गाणी संपत गेली, शेवटचं आलं आणि काहीच ऐकू येईना. मला वाटलं, बाई श्वास घेताहेत. मग वाटलं, माझे कान गेले. पण उठायचं नाही म्हटलं होतं, म्हणून गाण्याची सगळी लांबी मी तशीच बसून काढली आणि मगच भाच्याला फोन केला.

"अरे देवा!" तो म्हणाला. "फाइल अर्धवट गेली वाटतं. सगळ्यांनाच गेली असणार. उद्या दुपारपर्यंत पुन्हा पाठवतो, पण मावशीला सांगू नका. सोलून काढेल मला."

मी लगेच संपादकांना निरोप धाडला, की शेवटचं गाणं फाइलमध्ये आलेलं नाही, उद्या येईल, तोवर थांबा. उत्तरादाखल त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी पाठवलेलं काहीही त्यांना सुविचार वाटतो.

सकाळी लांबट टेबलाभोवती आम्ही चौघं. संपादक, संपादकांचा मेहुणा, ज्याला सगळं ऑफिस 'दीडपट' म्हणतं, कारण तो प्रत्येक सिनेमा दीडपट वेगानं बघतो, आणि एक प्राध्यापक. चौथी मी.

"सिनेमे आधी उरकू," संपादक म्हणाले. "एक नंबर?"

"भिंतीचा," प्राध्यापक म्हणाले. त्या सिनेमात एक माणूस तीन तास पडकी भिंत बांधतो. "चाळीस मिनिटांतच मी ओळखलं, ही थोर कलाकृती आहे."

"आणि पुढे?"

"पुढे बघायची गरजच उरली नाही."

"मी पूर्ण पाहिला," दीडपट म्हणाला. "दीडपट लावूनसुद्धा त्याची भिंत होत नाही हो भावजी! एकूणच यंदा सगळ्यांचा अभिनय फार घाईतला वाटला मला. बोलतात भरभर, चालतात भरभर. वर्षाचा सूरच घाईचा आहे."

"वा!" संपादकांनी ते टिपून घेतलं. "'घाईचं वर्ष'. प्रस्तावनेत घेऊ."

उंटावरचे शहाणे निदान उंटावर तरी चढलेले असतात. संतापाला माझ्या नेमात जागा नाही. तुच्छतेबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, त्यामुळे सकाळच्या त्या वेळात माझं मन चांगलं रमतं.

असे दहा सिनेमे ठरले. त्यातला एक अजून कुठल्याच थिएटरात लागलेला नाही म्हणून तिसरा. एक सगळ्यांना आवडला म्हणून यादीतून बाद. चौथ्याचा दिग्दर्शक प्राध्यापकांना एकदा विमानतळावर भेटला होता, एवढी त्याची पुण्याई.

मग अल्बम आले.

"इथे वाद नकोच," प्राध्यापकांनी चष्मा काढला. "बाई. पहिल्या नंबरवर बाई."

मला इतकं बरं वाटलं की त्या माणसाबद्दल मनात आणलेलं सगळं मी परत घेणार होते. तेवढ्यात ते पुढे बोलले.

"ते शेवटचं गाणं! आयुष्यभर गायलेली बाई, गळा गेलेला, आणि शेवटी काय देते? मौन! निखळ मौन. मी अक्षरशः हादरलो."

"पूर्ण ऐकलंत?" संपादकांनी विचारलं.

"मौन पूर्ण काय ऐकायचं? सुरुवातीला ऐकलं, मध्ये बोट टेकवून पाहिलं, शेवटी पाहिलं. कुठेही तडजोड नाही."

"मीही पाहिलं," दीडपट म्हणाला. "दीडपट लावलं तरी तेवढंच खोल वाटतं."

मी चिठ्ठी लिहिली, 'ते मौन नाही. फाइल अपुरी आहे. गाणं दुपारी येईल,' आणि संपादकांपुढे सरकवली. त्यांनी न वाचताच मान लववली, "ताईंचाही दुजोरा आलाच," म्हणाले आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

प्राध्यापकांचा लेख तयारच होता. त्यांनी तो वाचून दाखवला. मथळा होता 'न गायलेलं गाणं'. त्या लेखात समुद्र होता, गर्भ होता, कुठल्याशा परक्या तत्त्वज्ञाची तीन वाक्यं होती. गाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, पण त्याबद्दल त्यांना दोष कसा द्यायचा?

दुपार झाली. मी कोपऱ्यात जाऊन प्रार्थना केली, परत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शेवटचं गाणं आहे. बाईंनी गायलंय. आपल्याकडे आलेली फाइल अर्धवट होती. नवी आत्ताच आलीय."

तिघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी कुणाच्या मरणाची बातमी आणली होती.

"लावा," संपादक म्हणाले.

दीडपटनं लावलं. बाईंचा आवाज यायला लागला न लागला, तोच त्यानं बोट मध्यावर नेलं, मग शेवटाकडे, आणि बंद केलं.

"अरेरे," तो म्हणाला. "हे तर गाणंच आहे!"

"हं," प्राध्यापक म्हणाले. "गाण्याच्या अल्बमचा शेवट गाण्यानंच करायचा म्हणजे फारच अपेक्षित. आणि आवाज... आदर आहेच, पण आवाज राहिलेला नाही. मौनात जी ताकद होती..."

"आणि लेख?" दीडपटनं विचारलं.

"लेख मी बदलणार नाही. तो लेख खरा आहे. फाइलचं काय ते तुम्ही बघा."

संपादक कॅल्क्युलेटरवर उगाच काहीतरी दाबत राहिले. मग त्यांना सुचलं. त्यांना काही सुचलं की आधी कान लाल होतात.

"ताई, बाई तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. विचारून बघा ना, ते शेवटचं गाणं काढता येईल का? म्हणजे काढायचं नाही, फक्त मोकळं ठेवायचं. आत्ता होतं तसं. पहिला नंबर कायम, मुखपृष्ठावर फोटो. या वयात त्यांना तरी दुसरं काय हवं?"

"आणि गाणं ठेवलं तर?"

"तर सातवा," दीडपट म्हणाला.

"सातवा, पण अत्यंत आदरानं," प्राध्यापकांनी दुरुस्ती केली.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"विचारा म्हणालो मी."

"ऐकलं मी ते."

जुने अंक ठेवायची आमच्याकडे एक खोली आहे. धूळ, एक स्टूल आणि न उघडणारी खिडकी. तिथे जाऊन मी दार लावलं, हेडफोन घातले आणि अल्बम पहिल्यापासून सुरू केला. शेवटचं गाणं नुसतं ऐकता आलं असतं, पण बाईंनी तसं सांगितलं नव्हतं. मध्ये कुणीतरी दार वाजवलं. संपादकांचा फोन थरथरून गप्प झाला. मी उठले नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा आधी खुर्ची करकरली आणि बाई घसा खाकरल्या. भाच्यानं ते कापलं नव्हतं, किंवा बाईंनी कापू दिलं नव्हतं. आवाज खाली गेलेला, कडा झिजलेला. दुसऱ्या अंतऱ्यात एका वरच्या जागेकडे त्या निघाल्या आणि पोचल्या नाहीत. सूर अलीकडेच पडला. त्या तिथेच थांबल्या, पडलेला सूर झाकला नाही, एखादी हरकत-मुरकी घेऊन सावरला नाही. श्वास घेतला आणि पुन्हा त्याच जागेकडे निघाल्या. पुन्हा नाही पोचल्या. तिसऱ्यांदा त्यांनी ती जागा हळूच अलीकडे ओढून आणली, स्वतःच्या हाताशी, आणि उरलेलं गाणं तिथून गायलं.

मला लहानपणी ज्यांनी सांगितलं होतं की गळ्यात नसेल ते गाऊ नये, त्याच ह्या बाई.

दुसऱ्या अंतऱ्यात आवाज पडला, हे त्यांना सांगायला हवं. दोनदा पडला, हेही. आणि तिसऱ्यांदा काय झालं, ते सांगायला शब्द नीट जुळवायला हवेत. बाईंना लबाडी लगेच कळते, आणि गोड शब्दात ती पहिली शिरते. पहिला नंबर काय भावानं मिळतोय तेही सांगणार होते. त्या हसतील की चप्पल शोधतील, कोण जाणे.

मी हेडफोन काढून गुंडाळले. बैठकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत भिंत पहिली की दुसरी यावर पुन्हा जुंपली होती, आणि माझी चिठ्ठी कपाखालून अजून कुणी काढली नव्हती. चहाचं गोल वळं तिच्यावर उमटलं होतं.

"ताई!" आतून संपादकांनी हाक मारली. "फोन केलात का बाईंना?"

"नाही."

"अहो, अंक छापायला जायचाय!"

"जाऊ द्या की," मी म्हणाले.

मग फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला, पदर नीट केला आणि बाईंच्या घरी जायला जिना उतरू लागले.