चार रंगांच्या पावत्या

"सिस्टर, का लिहेल हाये हो त्याच्यावर?"

पतसंस्थेच्या शटरवरचा कागद वच्छलेने दोनदा वाचला होता. रुपाबाईसाठी तिने तो पुन्हा मोठ्याने वाचला. "काही कारणास्तव संस्थेचे व्यवहार पुढील सूचनेपर्यंत बंद."

"म्हंजे कदी उघडन?"

"उघडन आठ-पंधरा रोजात."

"मंग भेव नाही ना? तो एजंट विकास घरी आला तवा मी म्हनलं, सिस्टरनं ठेवले असन त ठेवतो. पोरीच्या लग्नाचे हायेत. नाही त डब्यातच बरे होते."

"भेव नाही," वच्छला म्हणाली. बाळाला सुई टोचण्याआधी आईला धीर द्यायची, तोच आवाज. हात मात्र पर्समधल्या पावत्या चाचपत होता.

शेलूबाजार आणि आसपासच्या खेड्यांत तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. समोरच्या भाजीच्या दुकानाची रुपाबाई, तिची तिन्ही लेकरं वच्छलेच्याच हातची. निवृत्तीला बारा लाख आले तेव्हा प्रसेनजित पुण्याहून म्हणाला होता, आई, थोडे पोस्टात ठेव. पण पोस्टाचं व्याज तिला कमी वाटलं. तिने चार पतसंस्था निवडल्या आणि प्रत्येकीत तीन-तीन लाख टाकले. ही अक्कल लसीच्या डब्यांनी दिलेली होती. सगळ्या कुप्या एकाच डब्यात भरायच्या नाहीत. एकाचं झाकण सैल झालं, तर तेवढ्याच जातात.

विकास तेव्हा हसला होता. "मावशी, तुमी त ब्यांकवाल्याहून हुशार. चारीचे कागद मीच आनून देतो, तुमाले फिरायचं काम नाही."

एक बंद पडली तरी तीन आहेत, असं स्वतःला सांगत ती जीपमध्ये बसली. मंगरूळपीरला दुसरी होती; तिकडे जाऊन येते, असं रुपाबाईला सांगून ती निघाली होती.

तिथेही शटर खाली होतं. त्यावर कागद होता आणि कागदावर तेच शब्द.

ती शेजारच्या टपरीच्या बाकावर बसली. नाडी मोजली, एकशे अठरा. तिसऱ्या संस्थेचा फोन वाजून वाजून थांबला. चौथीचा बंद होता, विकासचाही. मग तिने पर्समधून चारही पावत्या काढून मांडीवर पसरल्या. गुलाबी, पिवळी, हिरवी, निळी. चार नावं, चार पत्ते. खाली, बारीक अक्षरांत, अध्यक्ष. चारही ठिकाणी सही एकच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खालपर्यंत ओढलेली.

एकतीस वर्षं तिने प्रत्येक कुपी फिरवून बॅच नंबर पाहिला होता. इथे तिने फक्त रंग पाहिले.

एका उन्हाळ्यात दवाखान्याचा फ्रीझर रात्रभर बंद राहिला होता. सकाळी तिने चार डबे नीट भरले, झाकणं घट्ट लावली. पण चारहींत बर्फ त्याच फ्रीझरमधला. दुपारपर्यंत सगळ्या डब्यांत पाणी झालं होतं. ते तिला आज आठवलं.

फोन वाजला. प्रसेनजित.

"आई, बाबाच्या ऑपरेशनची बावीस तारीख पक्की ना? साडेतीन लाख आधी भरा लागतात म्हने."

"हो."

"तुहा आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"ऊन हाये लय," ती म्हणाली. घरी दौलतराव दोन उशांना टेकून बसले असतील. त्यांच्या हृदयाची झडप किती गळते ते तिला आकड्यात ठाऊक होतं, आणि आता तो आकडा डोळ्यांपुढून हलेना.

परतीच्या जीपमध्ये ती मागच्या कोपऱ्यात बसली. शेलूबाजार आलं. बंद शटरसमोर रुपाबाई पुन्हा येऊन बसलेली होती, रिकाम्या पोत्यावर, रस्त्याकडे डोळे लावून.

"सिस्टर, इथंच उतरता, का घराच्या फाट्यावर सोडू?" चालक हेमसिंगने विचारलं.

वच्छलेने पदर पुढे ओढला. रुपाबाईला ती दिसली नव्हती. हेमसिंगने गिअर टाकला.

"थांब," ती म्हणाली. "उतरतो."

रुपाबाई उठू लागली. "का म्हने तिकडं?"

"रुपाबाई, मी सकाळी खोटं बोलली. भेव हाये. तिकडची बी बंद हाये. चारी एकाच मानसाच्या हायेत, अन् मले ते आज दिसलं."

रुपाबाई पुन्हा खाली बसली.

"मी त घरी सांगून आली ना, का सिस्टर म्हनते भेव नाही. आता का सांगू?"

वच्छलेने पर्स उघडून चारही पावत्या तिच्यापुढे धरल्या.

"तुमचे किती होते?"

"सारेच."

आजवर वच्छला ज्या ज्या अंगणात गेली, तिथे तिच्यासाठी आधी घरातून खुर्ची निघायची. रुपाबाईच्या घरी तर ती पदराने पुसूनही मिळायची.

रुपाबाई जरा बाजूला सरकली आणि हाताने पोत्यावरची माती झटकली.

वच्छलेने चप्पल काढली, गुडघ्यावर हात टेकून ती हळूच खाली बसली. उघडी पर्स मांडीवर घेऊन, शटरकडे तोंड करून.