दाराकडचं चाक

त्या शनिवारी दुपारी माझा थोरला भाऊ गॅरेजात आला तो कंबरेला पट्टा बांधून आणि काखेत एक चकचकीत खोकं मारून. गाडीतून उतरताना त्याने तीनदा "आई गं" म्हटलं, पण खोकं काही सोडलं नाही. मागच्या सीटवरून त्याची मुलगी उतरली, म्हणजे माझी भाची. लहानपणी ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो, ते चोविसाव्या वर्षीही सुटलेलं नाही. आज मात्र ती कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन मुकाट्याने बसली.

"हे घे," दादाने खोकं माझ्या पुढ्यात ठेवलं. "झिरो डस्ट ब्रेकपॅड. मोबाइलवर जाहिरात होती. चाकाला धूळ म्हणून लागणार नाही. भिंतीकडच्या चाकाला बसवून दे."

"एकाच चाकाला?"

"दाराकडच्याचे उत्तम आहेत. चांगल्या चालत्या गोष्टीला कशाला हात लावायचा?"

तीस वर्षं मी ब्रेकचं आणि फक्त ब्रेकचं काम करते. इंजिनातलं मला विचारू नका, रंगकामातलं तर मुळीच नको. पण ब्रेकमधलं मला जेवढं कळतं तेवढं या बाजारात दुसऱ्या कुणाला कळत नाही, आणि हे सांगताना मी लाजत नाही. बाजारात मला ब्रेकवालीच म्हणतात. फक्त माझा सख्खा भाऊ मला अजून फ्रॉकातली समजतो. घर की मुर्गी वगैरे म्हणतात ते हेच.

दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर काचा पुसायच्या, उजेडाकडे धरायच्या, पुन्हा पुसायच्या. घरी आला की तोच हात गाडीच्या चाकांवर फिरतो. शेजारपाजारचे लोक गाडीचं मॉडेल बघतात, हा चाकांच्या काड्या बघतो. दिवसाआड बादली, ब्रश, फडकं आणि शेवटी टायरला चमक आणणाऱ्या पॉलिशचा फवारा. वहिनी म्हणते, एवढं माझ्याकडे बघितलं असतं तर मी आणखी दहा वर्षं तरुण राहिले असते.

दादाची गाडी अंगणात भिंतीलगत उभी असते. डावी बाजू दाराकडे, उजवी भिंतीकडे. आठ दिवसांपूर्वी त्याची कंबर धरली आणि धुणंपुसणं बंद झालं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की भिंतीकडचं पुढचं चाक काळंकुट्ट होतंय आणि दाराकडचं मात्र आठ दिवस हात न लावताही लखलखतंय. त्याने हिशेब मांडला की भिंतीकडचे पॅड वाईट.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या चाकावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. डाव्या चाकावरून फिरवलं, काहीच लागलं नाही. मी पुन्हा त्या लखलखीत डाव्या चाकाशी जाऊन वाकले.

कारण ब्रेक लागतो म्हणजे काय होतं? चाकाच्या आत एक लोखंडी चकती फिरत असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. चिमटलं की घासणार, घासलं की झिजणार, झिजलं की पूड निघणार. थोडी किंवा जास्त, पण निघणारच. ज्या चाकावर आठ दिवसांत कणभर पूड पडली नाही, त्या चाकाने आठ दिवसांत कामच केलेलं नाही.

"दादा, चल, एक चक्कर मारू," मी म्हटलं. "तू चालव."

"माझी कंबर..."

"कंबर मला नको आहे, हात हवेत."

भिंगरीला मी चहा सांगायला पाठवलं आणि आम्ही निघालो. गोदामांच्या मागे एक सरळ रस्ता आहे, शनिवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. मी दादाच्या शेजारी बसले आणि रस्त्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत राहिले. ब्रेक दाबला की त्याचा डावा हात स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढायचा. जेमतेम एक बोटभर. पुन्हा ब्रेक, पुन्हा बोटभर. त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता.

"आता हळू चालव, आणि ब्रेक मारताना हात सैल सोड."

त्याने सोडले. गाडीने उजवीकडे मान वळवली आणि रस्त्याच्या मधोमध तिरकी उभी राहिली.

"रस्त्याला उतार आहे तिकडे," दादा म्हणाला.

"बरं. मग वळव गाडी आणि उलट दिशेने मार."

उलट दिशेनेही गाडी उजवीकडेच गेली. आता रस्ता दोन्ही बाजूंना उतरता असल्याचं म्हणायची सोय नव्हती. दादाने इंजिन बंद केलं आणि समोर बघत राहिला. त्याला काय आठवत होतं ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवत होतं.

भिंगरी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर पहिल्या फटक्यात पास झाली होती. डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला लॅबमध्ये नोकरी लागली, सोमवारी सकाळी सहाला हजर व्हायचं. तेवढ्या पहाटे तिकडे जायला दुसरं काही मिळत नाही, म्हणून दादा तिला ही गाडी देणार होता आणि तीन महिने तिचा हात बसवत होता. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जायची, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर. दादा ओरडायचा. सरळ धर, तुझे हात वाकडे आहेत, तुला अंदाज नाही. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, गाडीच ओढते." दादा म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. मी, ब्रेकवाली. गाडी कुठल्या बाजूला ओढते, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. गिऱ्हाइकाने हे म्हटलं असतं तर हातातला घास टाकून उठले असते. भाचीने म्हटलं तर हसले. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

आणि आता दादाने ठरवलं होतं की गाडी द्यायची नाही. नोकरी घेत नसल्याचं हॉस्पिटलला आज संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. चार वाजून गेले होते.

गॅरेजात परतल्यावर मी डावं चाक उतरवलं. शोधाशोध करायची गरज नव्हती, चाक सुटताच गोडसर वास आला. टायर-पॉलिशचा. दाराकडचं चाक येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, म्हणून त्याच्यावर दादाचं प्रेम जास्त. भिंतीकडे पोट घेऊन खाली बसायला जागा नाही, तिथे आपलं लांबून एक फडकं. डाव्या चाकावर मात्र बसून, काड्यांमधून आतपर्यंत फवारा. ते तेलकट पॉलिश चकतीवर उडायचं, पॅड ते पिऊन बसले होते. वरून आरशासारखे गुळगुळीत. अशा पॅडने ब्रेक लागत नाही, नुसता चकतीला गोंजारतो. सगळा भार उजव्या चाकावर, म्हणून पूडही सगळी त्याच्यावर.

मी पॅड दादाच्या हातात दिला. चष्म्याच्या काचा तपासणारा माणूस तो, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. अंगठा फिरवला, वास घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तिला लगेच सांगू नकोस."

"का?"

"आधी बसवून घे. मग मी आपणहून म्हणेन, की जरा सुधारलीस, ने गाडी. तिलाही बरं वाटेल."

"म्हणजे चूक तुझी आणि सुधारायचं तिने?"

"अगं, बाप आहे मी. तीन महिने ओरडलोय. आता काय तोंडाने..."

"ज्या तोंडाने ओरडलास त्याच."

एवढ्यात भिंगरी चहा घेऊन आली. मी तिच्यासमोर दोन खोकी ठेवली. दादाचं तिसरं खोकं मी आधीच भंगाराच्या ड्रममध्ये टाकलं होतं; त्याच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना नंबर, ना तारीख. जीव ज्याच्या भरवशावर सोडायचा त्याचं निदान नाव तरी माहीत हवं.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. या खोक्यातल्या पॅडमध्ये धातू जास्त. भरलेली, जड गाडी असेल तर मी हेच देते. पण पूड काळी आणि भरपूर, शिवाय थोडा आवाज. या दुसऱ्या खोक्यात सिरॅमिक आहेत. पूड कमी, फिकी, आवाज नाही. कमी म्हणते, शून्य नाही. कुठले घालू?"

"मला का विचारतेस, आत्या? गाडी बाबा चालवणार."

"तू सांग तर."

तिने दोन्ही पॅड हातात घेऊन बघितले. "डोंगर उतरताना तापल्यावर हे सिरॅमिकवाले धरतात?"

"चांगल्या कंपनीचे आहेत, एका माणसाच्या छोट्या गाडीला पुरून उरतील. तू फक्त उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचं, सारखा ब्रेक दाबून धरायचा नाही. ते कुठल्याही पॅडला चालत नाही."

"मग हेच घाल," ती म्हणाली. "बाबांना चाकं स्वच्छ लागतात."

तीन महिने बोलणी खाल्लेली पोर, हातची नोकरी सोडायला निघालेली, आणि बापाच्या चाकांचा विचार करतेय. माझं डोकं सटकलं. मी पाना बाकावर आपटला. "दादा, तू बोलतोस की मी बोलू?"

दादा उठला. कंबरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढायला लागला तेव्हा मी त्याच्या हातातून फडकं ओढून घेतलं.

"भिंगरी," तो म्हणाला, "गाडी ओढत होती. तुझे हात नाहीत वाकडे. मीच पॉलिश मारून मारून डाव्या चाकाचा ब्रेक घालवला. तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

ती हातातला पॅड तसाच धरून उभी राहिली. मला वाटलं रडेल. पण ती लालबुंद झाली.

"तीन महिने, बाबा," ती म्हणाली. "रात्री झोपताना मी उशीवर हात ठेवून बघायचे, सरळ राहतात का. लॅबमध्ये सुई कशी धरणार, याची भीती वाटायला लागली होती मला."

दादाने मान खाली घातली. मी म्हटलं, "आणि मीही हसले होते गं. माझंही चुकलं."

"तू तर जास्त हसली होतीस," भिंगरी म्हणाली.

खरं होतं. मी गुपचूप कामाला लागले.

दोन्ही चकत्या क्लीनरने धुतल्या, पुन्हा धुतल्या, सँडपेपरने घासल्या. चारही पॅड नवे बसवले. कामाचं मला कधी टेन्शन येत नाही, तसं त्या दिवशीही आलं नाही. हात आपोआप चालत होते. काम करता करता दादाला ऐकवत होते. चाक थंड असताना धुवायचं. साधा शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी. आम्लाचं बाटलीतलं काही नको. पॉलिश लावायचंच तर फडक्यावर घेऊन फक्त रबराला, फवारा बंद. धुतल्यावर गाडी थोडी चालवून, हलके ब्रेक मारून ते सुकवायचे. दादा शाळेतल्या मुलासारखा "हं, हं" करत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

नवे पॅड चकतीवर बसायला हवेत. त्यासाठी बरा वेग घ्यायचा, ब्रेक दाबून हळू व्हायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं थंड होऊ द्यायचं. असं वीस-पंचवीस वेळा. मी किल्ली भिंगरीला दिली. दादा सवयीने पुढचं दार उघडायला गेला.

"बाबा, तुम्ही मागे बसा," ती म्हणाली.

तो मागे बसला. कंबरेच्या पट्ट्यामुळे ताठच.

गोदामांच्या मागच्या रस्त्यावर पहिल्या ब्रेकला तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. गाडी सरळ गेली. दुसऱ्यालाही सरळ. पाचव्याला खांदे खाली आले. दहाव्यानंतर मी म्हटलं, "हात सैल कर," आणि तिने नुसती बोटं टेकवून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या पट्टीला धरून नाकासमोर हळू झाली. मागून दादा काहीतरी बोलायला गेला आणि त्याने ते गिळलं. तिने मोजून पंचवीस वेळा ब्रेक मारला, एकही चुकवला नाही, शेवटी गाडी कडेला नीट उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

सहाला दहा मिनिटं होती. तिने फोन काढला, नंबर लावला. पलीकडून हॉस्पिटलातल्या एका बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"हो, मीच बोलतेय," भिंगरी म्हणाली. "नाही, रद्द नाही. सोमवारी सहाला हजर होतेय... नाही मॅडम, सोडायला कुणी येणार नाही." तिने क्षणभर ऐकलं. आरशात तिची आणि दादाची नजर भेटली. दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"हो, माहीत आहे, डोंगराचा रस्ता आहे," ती म्हणाली. "मला गाडी चांगली येते."