पोलाम्, रैट!

जयतीर्थरावांनी तीस वर्षं मद्रासच्या रस्त्यांवर सिटी बस हाकली. स्टिअरिंगला हात लावून तो डोळ्यांना लावल्याशिवाय ते कधी चढले नाहीत की उतरले नाहीत. चुकला तो एकच दिवस. डेपोत गाडी लावून ते घाईनं उतरले. दुसऱ्याच दिवशी तपासणीत उजवा डोळा अधू निघाला, आणि साहेबांनी त्यांना टेबलाशी बसवलं. कालची फेरी शेवटची होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तो राहिलेला नमस्कार दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलत होता. हेमावतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते ठाऊक होतं. बाकी जगाला सांगून उपयोग काय? हसलंच असतं.

वेस्ट मांबलमच्या त्यांच्या घरात माडीवर उपेंद्र भाड्यानं राहायचा. मूळचा साताऱ्याचा, नोकरी शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरवर. दोन हजार चारच्या एका रविवारी माडीवरून करवतीचा आवाज आला, तेव्हा राव वर गेले.

"काका, गाड्यांच्या गेमसाठी स्टिअरिंग करतोय," उपेंद्र म्हणाला. प्लायवूडचं गोल चाक, त्याच्या मागे रेडिओचा आवाज कमीजास्त करतात तसलं बटण. चाकाबरोबर बटण फिरलं की पडद्यावरची गाडी वळणार. पायाखाली लाकडाच्या दोन फळ्या, एक पळवायला आणि एक थांबवायला.

रावांनी चाक फिरवून पाहिलं. "हें स्टिअरिंग नव्हे अप्पा, पोळपाट. वळवून सोडलें की आपणहून सरळ याला पाहिजे."

रावांची, पोरालाही 'अप्पा' म्हणणारी तंजावरची मराठी उपेंद्रला निम्मीच कळायची, पण दोष पुरता कळला. पुढचे दोन रविवार सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून, चाकाला ताणून बांधून, पुन्हा सैल करण्यात गेले. हेमावतीबाई खालून कॉफी पाठवत राहिल्या.

तिसऱ्या रविवारी चाक सरळ यायला लागलं. उपेंद्र चालवायला बसला, राव शेजारी. समोर रस्ता मोकळा.

"रैट! रैट!" राव ओरडले.

उपेंद्रनं झटकन उजवीकडे घेतलं आणि गाडी भिंतीवर आदळली.

"काका, तुम्हीच तर राइट म्हणालात!"

"रैट म्हणजे जा! कंडक्टर 'पोलाम्, रैट' म्हणाला की सोडायची, 'होल्डान' म्हणाला की थांबवायची. येवढें माहीत नाही तुला?"

कंपनीच्या एसी बसनं ये-जा करणाऱ्याला कुठून माहीत असणार! दोघं पोट धरून हसले.

मग राव बसले. हात नमस्काराला पुढे झाले, पण प्लायवूडला काय नमस्कार करायचा, आणि तोही या पोरासमोर? ते ओशाळले. त्यांनी गाडी सोडली आणि पहिल्याच वळणाआधी सवयीनं, स्टॉप आल्यासारखी, कडेला घेऊन थांबवली. वेळ संपला, खेळ खलास. तीनदा तेच. शेवटी उपेंद्रनं घड्याळ नसलेला सरावाचा रस्ता लावून दिला.

आता कसं! डावीकडे समुद्र, उजवीकडे झाडं. राव बेतानं चालवत होते, थांबत होते, पुन्हा निघत होते. एक वाजला तरी त्यांचे हात चाकावरून निघेनात.

हेमावतीबाई जेवायला बोलवायला वर आल्या आणि दारातच थबकल्या. नवऱ्याची ताठ पाठ त्यांनी पाहिली. मग पदर खोचून त्या कंडक्टरसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होल्डान! शेवटचें स्टॉप! फेरी संपली, उतरा!"

रावांनी गाडी कडेला घेतली, अलगद थांबवली. दोन्ही हात चाकाला लावले, मग डोळ्यांना. डोळ्यांवरचे हात त्यांनी बराच वेळ काढले नाहीत. त्यांना रडू आलं होतं, आणि फार बरं वाटत होतं.

उपेंद्रला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, "काका, काही तुटलं का?"

"नाही अप्पा," राव डोळे पुसत उठले. "बरोबर झालें. चल, जेवायला."