खारट बिअर

“आज ही नको, शैलेंद्र. विवेककडची ती खारट दे,” हेल्मुट म्हणाला, तेव्हा शैलेंद्रच्या हातातला ग्लास निम्मा भरून झाला होता.

आखातातल्या जुफैरमधल्या त्या हॉटेलच्या बारमध्ये हेल्मुट वर्षानुवर्षं शैलेंद्रच्याच नळासमोर बसत आला होता. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातला हा जर्मन इंजिनिअर बोलायचा कमी. पण शैलेंद्रने फेस बसू देत, घाई न करता भरलेला ग्लास समोर आला की मान डोलवायचा. तेवढ्यावर शैलेंद्र खूश असे. हॉटेलने एकदा त्याला शिकायला बव्हेरियात पाठवलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या ब्रुअरने सांगितलेलं त्याने जपून ठेवलं होतं: पाणी, सातू, हॉप्स आणि यीस्ट, पाचवी वस्तू घातली की ती बिअर नव्हे. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा आणि लोक ऐकायचेही. विवेक येईपर्यंत.

विवेक पुण्याचा, अमेरिकेत एका क्राफ्ट ब्रुअरीत काम करून आलेला. त्याच्याकडे कॉफीची बिअर, पेरूची बिअर, रंगीत चित्रांचे डबे. नेव्हीची अमेरिकन पोरं त्याच्या काउंटरला गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी चिकटायची.

“सरबतं आहेत ती,” सनद भागातल्या आपल्या घरी जेवताना शैलेंद्र म्हणाला. “तिकडे पाचशे वर्षांची परंपरा, आणि हे त्यात पेरू घालतात.”

“घालू देत ना, तुमचं काय जातंय?” त्याची बायको स्मिता म्हणाली. “पोरगा चांगला आहे हो. परवा उन्हात टॅक्सीची वाट बघत होते, तर गाडी थांबवून दारापर्यंत सोडलंन मला.”

शैलेंद्र आमटीत भात कालवत राहिला. पोरगा चांगला होता, हेच तर खुपत होतं.

मालाची ऑर्डर शैलेंद्रकडे असायची. “सर, त्या खारट बिअरचे दोन कार्टन सांगाल? संपत आलीय,” विवेकने आठवण करून दिली. “सांगतो,” शैलेंद्र म्हणाला. बाकी सगळं त्याने मागवलं, ती मात्र नाही. डबे संपल्यावर म्हणाला, “सप्लायरकडे मफी, मालच नाही.” विवेकने विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात मॅनेजर मेहरीन मॅडमनी टेस्टिंगची संध्याकाळ ठेवली: एकीकडे युरोपची जुनी बिअर, दुसरीकडे अमेरिकेची नवी. आधी शैलेंद्र बोलला. चार वस्तूंची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाला, “पेरू खायचा असेल तर बाजारात जावं.” लोक हसले. विवेकही हसला.

मग विवेक उठला. “खरं सांगायचं तर अमेरिकेने नवीन थोडंच केलंय. गॅरेजमध्ये बसून पोरांनी युरोपच्या जुन्या कृती करून पाहिल्या. काही तर युरोपातच जवळजवळ विसरल्या गेल्या होत्या. आणि नुसती बिअर चांगली असून भागत नाही, ती भरावी कशी हे मला इथे सरांनी शिकवलं.”

टाळ्या पडल्या. शैलेंद्रला वाटलं, याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात हेल्मुट बोलायला लागला. लाइपझिगजवळ त्याचं गाव होतं. तिथे अशीच आंबट, मीठ घातलेली गव्हाची बिअर मिळायची. आजोबा आपल्या ग्लासातला एक घोट त्याला द्यायचे. तो लहान असतानाच ती ब्रुअरी बंद पडली. “इतक्या वर्षांनी ती चव मला या मुलाच्या डब्यात सापडली,” तो म्हणाला. “येत्या रविवारपासून डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होणार, मग पिणं कायमचं बंद. त्याआधी एकदा मिळाली असती तर बरं झालं असतं. पण माल नाही म्हणतात.”

विवेकने शैलेंद्रकडे पाहिलं, मदतीसाठी पाहावं तसं. शैलेंद्र नळ पुसत राहिला. इतकी वर्षं हा माणूस आपल्यासमोर बसला आणि त्याच्या गावात काय पीत असत, हे आपण एकदाही विचारलं नाही. सांगत राहिलो ते आपलं बव्हेरिया.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही तो हॉटेलची गाडी घेऊन सलमाबादला सप्लायरच्या गोदामात गेला.

“ही? ही तर कधीपासून पडून आहे. कोणी मागितलीच नाही,” तिथला माणूस म्हणाला.

“आता मागतोय ना, दे,” शैलेंद्र म्हणाला.

संध्याकाळी त्याने स्वतःच हेल्मुटला फोन करून बोलावलं. कार्टन बघून विवेकचा चेहरा उजळला. “सर, तुम्हीच भरा.” शैलेंद्रने ग्लास भरला, नेहमीसारखाच, फेस बसू देत. हेल्मुटने घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग काउंटरवरून हात लांब करून त्याने विवेकचा हात धरला. “थँक यू, माय बॉय.”

शैलेंद्रने फडका उचलला आणि पुसलेलाच नळ पुन्हा पुसला.

“नाही, ही तर सरांनी...” विवेक सांगू लागला.

“विवेक, तिकडे दोघं केव्हाचे थांबलेत, बघ जरा,” शैलेंद्र म्हणाला, आणि विवेक गेला.

हेल्मुट निघाला तेव्हा जाता जाता शैलेंद्रकडे बघून त्याने मान डोलवली. आता तो इथे येणार नव्हता.

डब्यात दोन घोट उरले होते. ही बिअर शैलेंद्रने आजवर तोंडाला लावली नव्हती. त्याने ती चहाच्या कपात ओतली आणि काउंटरकडे पाठ करून प्याली.

चांगली होती. विवेकला तो हे सांगणार नव्हता.