चांगल्या जंतूंची पावडर

उंब्रजचे आकाराम फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि उसाच्या शेतीला लागले. पुढं तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हा कराडच्या डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली. गोळ्यांचा त्यांना मुळातच तिटकारा. अशात त्यांचा मेव्हणा कृष्णात शिराळ्याहून पावडरीचे डबे घेऊन आला. यातले चांगले जंतू आतड्यात पित्त फोडतात, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, असं त्यानं समजावलं. आता गोळीची गरज नाही, असंही सांगितलं. आकारामांनी गोळी सोडली. गावात आणखी काही घरांत डबे गेले.

उन्हाळ्यात उसाला पाणी पाजताना ते छाती धरून बांधावरच बसले. स्टेंट घालून जीव वाचला. डॉक्टर त्यांच्या बायकोला, अंजनाला, म्हणाले की जंतूंची गोष्ट अगदीच खोटी नाही, काही जातींनी कोलेस्टेरॉल थोडंफार उतरू शकतं. पण गोळी बंद करायला सांगितलं कुणी? सख्ख्या भावाचं नाव सांगताना अंजनाच्या अंगाची लाही लाही झाली.

नवरा घरी आल्यावर ती तडक शिराळ्याला गेली. भावजय स्वप्नालीनं जेवायला वाढलं आणि रोजच्या सवयीनं कृष्णातच्या ताटाजवळ गोळ्यांची पट्टी ठेवली. अंजनानं ती ओळखली, आकारामांना लावलेलीच गोळी.

"कवापासनं घेतोस ही?"

कृष्णातनं पट्टी ताटाखाली सरकवली. मग म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय आक्का. गोळी सोडायची न्हाई म्हणून."

"तुला सोडायची न्हाई. आन् माझ्या मालकाला?"

त्यानं मान खाली घातली. गोळी चालू ठेवा म्हटलं की पावडर कुणी घेत नाही, एवढंच तो पुटपुटला. अंजना भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तो पाया पडायला उंब्रजला आला. आकाराम त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलत बसले, ते बघून ती आणखीच पेटली. तिनं भावाला उठवलं आणि डबे गेलेल्या घराघरांत पुढं घालून नेलं. प्रत्येक उंबऱ्यावर त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायला लावलं की गोळी सोडू नका, मी स्वतः घेतो. एका म्हातारीनं त्याला शिव्या घातल्या. अंजनानं अडवलं नाही.

परतताना त्यानं विचारलं, "आता राग गेला न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि त्याला एस्टी स्टँडवर सोडून मागं न बघता घराकडं वळली.